अर्धी पिवळी

थेंब पडला तो नेमका खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, जिथे मी दाढ बसवणार होतो तिथे. जबडा म्हणजे प्लास्टरचा साचा, कुणातरी म्हातारीच्या तोंडाचा. आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. माणसं येत नाहीत, त्यांची तोंडं तेवढी येतात. मी वर बघितलं. छत कोरडं होतं. वरच्या मजल्यावर नळबिळही काही नाही, नुसतं गोदाम. मग दुसरा थेंब पडला, हनुवटीवरून काहीतरी गार ओघळलं, आणि तेव्हा कळलं की गळतोय तो मीच. तोंड उघडं होतं. कधीपासून होतं कोण जाणे. मी घाईघाईनं बाहीनं हनुवटी पुसली, साचा फडक्यानं टिपला आणि मेणकामाची सुरी दिव्यावर धरली, जसं काही झालंच नाही. शेजारच्या टेबलावर आमच्या पॉलिशवाल्या बाई बसतात. तयार कवळ्या फिरत्या चाकावर घासून त्यांना चकाकी आणायचं त्यांचं काम. दिवसभर त्या चाकाशी बोलतात, कवळ्यांशी बोलतात आणि वेळ उरला तर माझ्याशी. त्यांनी चाक थांबवलं. “काय हो, झोप झाली नाही वाटतं?” “झाली की.” “मग जास्त झाली असेल,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा चाक सुरू केलं. जास्तच झाली होती. गेले काही दिवस मी झोपत नव्हतो, बुडत होतो, आणि सकाळी ताई हाका मारमारून मला वर ओढून काढत होती. उशी ओली असायची. ती मी उलटी करून ठेवायचो आणि अंथरुणाची नीट घडी घालायचो, म्हणजे कुणाला कळू नये. घरात कुणाला म्हणजे ताईलाच. तिच्याशिवाय आहे कोण?

मी गोळी घेतो. सांगायची लाज वाटत नाही, पण हौसही नाही. गोळी फिकट पिवळी आहे, म्हणून घरात तिचं नाव पिवळी. त्याआधी माझ्या डोक्यात एक साहेब राहत होता. मी दात घासायला लागलो की म्हणायचा, बघा, घासतोय. रस्ता ओलांडला की म्हणायचा, ओलांडलान एकदाचा. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यावर उलट ओरडता तरी येतं. तो नुसते शेरे मारायचा, आणि तेही अगदी सभ्य आवाजात. मग एक दिवस त्यानं सांगितलं, दुधात काहीतरी आहे. मी ताईला म्हणालो, दुधात काहीतरी आहे. ती म्हणाली, काही नाही रे, पी. आणि गंमत अशी की दुधात खरंच काहीतरी होतं. मी औषध घेत नव्हतो म्हणून डॉक्टरांनी दिलेलं तेव्हाचं औषध ती कुटून दुधात घालत होती. साहेबाचं म्हणणं होतं विष, तिचं म्हणणं होतं काहीच नाही. दोघांपैकी साहेब खऱ्याच्या जास्त जवळ होता, आणि इथेच सगळी पंचाईत आहे. मी पेला भिंतीवर फोडला. एक काच ताईच्या भुवईला लागली. तो व्रण अजून आहे आणि ती हसली की आधी हलतो. पुढचं हॉस्पिटल, पिवळी, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासणं, कारण ही गोळी कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशीच खाते म्हणे. पिवळीनं साहेबाला घालवलं. त्या बदल्यात माझं वजन वाढवलं, पोट साफ होईनासं केलं, तोंडाला लाळ आणली. मी म्हटलं, घे बाई, काय हवं ते घे, पण त्याला आत येऊ देऊ नकोस. बरा होऊन घरी आलो तेव्हा ताईशी करार झाला. मी गोळी तिच्यासमोर, माझ्या हातानं घ्यायची आणि तिनं माझ्या पाठीमागे, माझ्या खाण्यापिण्यात, काही म्हणजे काही घालायचं नाही. “शपथ,” ती म्हणाली होती. मी म्हटलं, “शपथ नको, नुसतं हो म्हण.” तर म्हणाली, “हो म्हटलं ना, बाबा!”

आणि पाळलं तिनं. वर्षानुवर्षं पाळलं. मला लॅबमध्ये काम मिळालं, मालकांना सगळे काका म्हणतात, त्यांना माझं सगळं माहीत होतं आणि तरी त्यांनी घेतलं. मेणात एकेक दात बसवायचा म्हणजे केसाएवढं इकडेतिकडे झालं की समोरच्याचं अख्खं हसू वाकडं. मला ते जमायचं. ज्या हातांनी पेला फोडला त्यांनाच जमायचं, याचं मला दर सकाळी नवल वाटायचं आणि तोच माझा अभिमानही होता, दुसरा काही नव्हता. बाकी एक सिगारेट होती. लॅबच्या मागच्या जिन्यात उभा राहून मी ओढायचो, घरी खिडकीत ओढायचो, एकीवर दुसरी पेटवायचो. हॉस्पिटलमधल्या आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागलेली. ताई घरी पडदे शिवते, कापडाच्या कणांनी तिला आधीच खोकला; त्यात माझा धूर. एकदा छातीच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, घरात कोण ओढतं? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “घरात नाही हो कुणी. शेजारी ओढतात.” मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो म्हणून तसं म्हटलं तर खोटं नव्हतं. पण त्या ‘शेजारी’नं मी मेलो. बाहेर येऊन पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, ते टाकलंच. ताईला खरं वाटेना. काकांनी लॅबमध्ये केक कापला, पॉलिशवाल्या बाईंनी खिसाभर पेपरमिंट दिल्या. हात रिकामे राहायचे म्हणून मी चहा प्यायला लागलो. सकाळी, दुपारी, मध्ये, काम अडलं की, काम संपलं की. ताई कौतुकानं करून द्यायची. तिचा खोकला हळूहळू उतरत होता, रात्रभर झोपत होती बिचारी. मला वाटलं, जन्मात एक गोष्ट तरी मी धड केली.

आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं. पण ‘तेव्हापासून’ हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की जीभ जड झालीय, शब्द तोंडात लोळतायत, खुर्चीतून उठलो की खोली जराशी फिरून मग जागेवर येतेय. दाढ चिमट्यात धरावी आणि हाताला मध्येच असा झटका बसावा की जणू कुणी कोपराला धक्का दिला. मागे वळून बघावं तर कुणी नाही. मागे वळून बघणं मला परवडणारं नाही. ज्याला माहीत आहे तो लगेच ओळखतो, हा कुणाला शोधतोय ते. ताईला माहीत होतं. ती मशीनवर पडदा शिवत असायची आणि सुई थांबायची. मी न बघताही मला कळायचं की सुई थांबलीय. एका संध्याकाळी तिनं सरळच विचारलं, “तो आलाय का रे परत?” “कोण?” “कोण काय! तुझा साहेब.” “नाही, ताई.” “खरं सांग हं.” “अगं, नाही म्हणतो ना!” माझा आवाज चढला, जिभेमुळे शब्द तुटका आला, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. तिनं पदर पुढे केला, मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला. मी खरं तेच बोलत होतो. साहेब आला नव्हता. पण मी आतल्या आत रोज त्याची खुर्ची तपासत होतो, रिकामी आहे ना, रिकामी आहे ना, आणि इतक्या वेळा जाऊन बघितलं की आता ती खुर्ची मला पुन्हा स्पष्ट दिसायला लागली होती. याची मला भयंकर भीती वाटत होती. डॉक्टरांकडे जायला अजून अवकाश होता. आधी जावं, तर ते विचारणार काय होतंय, मी सांगणार, ते गोळी वाढवणार किंवा आत ठेवून घेणार. हातातलं काम सुटणार. म्हणून मी गप्प राहिलो, उशी उलटी करत राहिलो.

मग चहा कडू लागला. ताईनं केलेला, सकाळचा, नेहमीच्या कपातला. पहिला घोट नेहमीसारखा, दुसराही, तळाशी मात्र जिभेच्या मागच्या कडांना एक ओळखीची कडवट चव, खडूच्या भुकटीसारखी. मी कप खाली ठेवला. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, एका जागी पुसलेलंच पुसत होती. माझ्या तोंडाशी वाक्य आलं: ताई, चहा कडू लागतोय. साधं वाक्य. जगातला कुठलाही माणूस बोलेल असं. फक्त मी बोलू शकत नव्हतो. कारण ते वाक्य माझं नव्हतंच, ते साहेबाचं होतं. दुधात काहीतरी आहे. ते मी बोललो की ताईची शंका पक्की. आला हा परत. आणि नाही बोललो तर? नाही बोललो तर कुणीतरी माझ्या चहात काहीतरी घालतंय आणि मी ते पितोय. की कुणीच काही घालत नाहीये आणि मला तसं वाटतंय, म्हणजे साहेब मागच्या दारानं आत आलासुद्धा. दोन्हीकडून माझीच मान. जिभेचं म्हणाल तर ती आता भरवशाची राहिली कुठे होती! मी कप उचलला, तळाशी जे होतं ते बोटानं ढवळलं आणि पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशीही प्यायलो. मग रोजच. एकदा तिची माझी नजरानजर झाली. तिच्या भुवईवरचा व्रण हलला, पण ती हसत नव्हती. शिवणाच्या टेबलावर तिचा बटणांचा डबा असतो. मागे डॉक्टरांनी माझी गोळी कमी केली तेव्हा उरलेल्या पट्ट्या तिनं त्यात टाकल्या होत्या. फेकणं तिच्या स्वभावातच नाही. तो डबा उघडून बघावा, असं मला कितीदा तरी वाटलं. उघडला नाही. पट्ट्या कमी झालेल्या दिसल्या असत्या तर ताई गेली असती. होत्या तेवढ्याच दिसल्या असत्या तर मी गेलो असतो.

लॅबमध्ये पडलो ती दुपार मला आठवते ती तिथपर्यंतच, की त्याच म्हातारीची कवळी पुरी होत आली होती. तिचा लहानपणापासूनचा एक दात जरा वाकडा होता आणि तिला नव्या कवळीतही तो तसाच वाकडा हवा होता, तसं दंतवैद्यांनी चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं होतं. मला ती म्हातारी आवडली होती. तो वाकडा दात मी मेणात टेकवत होतो, हाताला झटका बसला, मग खांद्याला, आणि मग मेणाचा वास फार मोठा झाला. नंतर माझ्या डोळ्यांसमोर टेबलाचा खालचा भाग होता. जमिनीवर दात सांडले होते. पॉलिशवाल्या बाईंनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्या काकांवर ओरडत होत्या, “चमचा कसला घालताय तोंडात! कुशीवर वळवा त्यांना आधी!” तोंडात रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. मला पहिला विचार आला तो असा, की हे कडू नाही, खारट आहे. दुसरा विचार, संपलं, गेलं काम. काका गुडघ्यावर बसून दात गोळा करत होते. एवढा मोठा माणूस, टेबलाखाली रांगत. “काका, राहू दे,” मी म्हणालो, निदान म्हणायला गेलो. ते म्हणाले, “गप रे, तू पड.”

माझ्या गोळीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ताई आणि मी शेजारी शेजारी बसलो. बाई बारीक चणीच्या, आवाज हळू, पण त्यांनी काही विचारलं की टाळता येत नाही. दवाखान्यात आल्याबरोबर माझं रक्त घेतलं होतं, त्याचा अहवाल आता त्यांच्यासमोर होता. “औषध तुमच्या रक्तात फारच जास्त आहे,” त्या म्हणाल्या. “फिट आली ती त्यामुळेच. लाळ, झोप, झटके, सगळं त्याचंच. हा आजार उलटलेला नाही.” आजार उलटलेला नाही. मला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं, पण पुन्हा म्हणा असं कसं सांगणार? “गोळी तर तीच आहे, तेवढीच आहे. मग बदललं काय? सर्दीतापाचं काही घेतलं? दुसऱ्या कुणी काही दिलं?” मी मान हलवली. ताई म्हणाली, “काही नाही हो. उलट सिगारेट सोडली त्यानं. पूर्ण सोडली.” ते म्हणताना अशाही वेळी तिच्या आवाजात कौतुक होतंच. बाईंनी पेन खाली ठेवलं. “कधी?” ताईनं सांगितलं. बाई म्हणाल्या, “सिगारेटच्या धुरामुळे यकृत ही गोळी भराभर संपवतं. त्या हिशेबानंच आपण गोळी ठरवली होती. धूर बंद झाला की तीच गोळी अंगात साठत जाते, दुप्पटही होते. चहाकॉफी वाढली तर त्यात आणखी भर. सोडण्याआधी मला सांगायला हवं होतंत.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “मीही विचारायला हवं होतं.” खरं आहे. पण चांगली गोष्ट डॉक्टरांना जाऊन कोण सांगतं? वाईट झालं की सांगायचं असतं, असंच आम्ही समजून होतो.

मला वाटलं, संपलं इथेच. पण बाई कागदाकडे बघत राहिल्या. “तरीसुद्धा,” त्या म्हणाल्या, “नुसत्या एवढ्यानं आकडा इथवर पोचत नाही. तुम्ही चुकून जास्त तर घेत नव्हतात?” बोलायची वेळ ती होती. वाक्य तोंडात होतं, चावलेल्या जिभेवर. मी ताईकडे बघितलं नाही, तिच्या हातांकडे बघितलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी म्हणालो, “घेतली असेन. लक्षात नाही.” का म्हणालो? तिला वाचवायला म्हणालो, की मला अजूनही खात्री नव्हती म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. ताई एकदम म्हणाली, “खोटं बोलतोय तो. मी घालत होते. चहातून. रोज अर्धी.” आणि मग, आवाज फुटत, “मला वाटलं, तो परत तसा होतोय.” बाईंनी तिला रागावून काही म्हटलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला. आणि मी? मला राग यायला हवा होता, नाही का? मला आनंद झाला. इतका आनंद, की मी तोंडावर हात धरला. चहा कडू होता! खरंच कडू होता. खुर्ची रिकामी होती, जीभ माझी होती, चव माझी होती. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातूनही, दोन्ही एकाच रुमालानं पुसलं.

राग नंतर आला, टॅक्सीत. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, “हो म्हणाली होतीस तू.” “म्हणाले होते.” “मला विचारायचं होतंस.” “विचारलं होतं. तू नाही म्हणालास. तेव्हाही नाहीच म्हणायचास रे. तोंडात गोळी धरून नाही म्हणायचास, मागाहून थुंकायचास.” माझा राग आणखी वाढला. “मला कळत होतं, ताई. पहिल्या दिवसापासून.” ती वळली. “कळत होतं? मग प्यायलास कशाला, मूर्खा?” “बोललो असतो, चहा कडू लागतोय म्हणून, तर तू काय केलं असतंस?” तिनं खरोखर विचार केला. ताईचं हे आहे, विचारलं तर ती विचार करते. टॅक्सी एका चौकात थांबली, सुटली. मग ती म्हणाली, “एक पूर्ण घातली असती.” टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं, कारण आम्ही दोघंही हसायला लागलो होतो, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटत होता. नाही ठेवला.

गोळी कमी झाली, हळूहळू. सिगारेट सुटली ती सुटलीच. दर वेळी रक्ताबरोबर आता बाई तेही विचारतात. बटणांचा डबा ताईनं माझ्यासमोर टेबलावर उपडा केला, पट्ट्या वेगळ्या काढून औषधांच्या दुकानात परत देऊन आली. हात स्थिर व्हायला वेळ लागला. तोवर काकांनी मला मेणाला हात लावू दिला नाही, साचे ओतायला लावले, पण घरी बस म्हणाले नाहीत. गोळी कमी होत असताना मी घाबरत होतोच, की आता साहेब येईल. एकदोनदा कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं. ते पॉलिशवाल्या बाईंचं चाक होतं. म्हातारीची कवळी शेवटी मीच पुरी केली, वाकड्या दातासकट. घरात मात्र वेगळंच सुरू झालं. ताईनं माझा चहा करणं बंद केलं. आधण ठेवायची, पावडर, दूध, साखर ओट्यावर मांडायची आणि बाजूला होऊन मशीनवर बसायची. मी माझा करायचो, तिचाही करायचो. ती माझ्या हातचा पाणचट चहा मुकाट्यानं प्यायची. ताई चहाच्या बाबतीत भलतीच नखरेल, असला चहा तिनं आयुष्यात कुणाकडून चालवून घेतला नसता. ती शिक्षा भोगतेय हे मला दिसत होतं आणि कितीतरी दिवस मी ती भोगू दिली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मग बरं वाटणं संपलं. मशीन चालू असायचं, पण आता माझ्यासाठी सुई थांबत नव्हती. मी घरात आलो गेलो तरी थांबत नव्हती. ते मला जास्त लागत होतं.

एका सुटीच्या सकाळी मी उठलो, उशी कोरडी होती. स्वयंपाकघरात जाऊन फतकल मारून बसलो आणि म्हटलं, “मी आज करणार नाही. तू कर.” ताई बघत राहिली. “नको रे.” “कर म्हटलं ना.” तिनं आधण ठेवलं. मी मुद्दाम वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पलीकडे तिचे आवाज ऐकू येत होते, चमचा, झाकण, आणि मध्येच बराच वेळ काहीच नाही. ती नुसती उभी असावी, हात दिसतील असे धरून. कप समोर आला. मी एक घोट घेतला. कडू. खरोखर कडू. दुसरा घेतला, हळूच, जिभेच्या मागच्या कडांवर फिरवला. वर्तमानपत्र खाली ठेवलं. तोंड कोरडं पडलं होतं, माझं तोंड, कोरडं.

“ताई,” मी म्हणालो, “चहा कडू लागतोय.”

ती पुढे आली, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि माझा उष्टा चहा सरळ तोंडाला लावला. मोठा घोट घेतला. व्रणाखालचे तिचे डोळे मिटले.

“अगं बाई,” ती म्हणाली, “उकळला रे फार. उभीच राहिले मी नुसती,” आणि कप मोरीत ओतून तिनं नवं आधण ठेवलं.